अंधारात दिसलेला माणूस

वर्तकनगर, ठाणे
रविवार, ८ जून २०२५

प्रिय कुंदाताई,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तू म्हणाली असतीस, काम असलं की हिला मान आठवतो. काम आहेच. तीनदा फोन केला. सुदेश म्हणाला, "मावशी, आई बोलत नाही म्हणते, मी काय करू?" तुझ्या मुलाचा दोष नाही, तो मध्ये सापडलाय. म्हणून हे पत्र. तू फाडशील, पण आधी वाचशील, एवढी मी तुला ओळखते. देवयानी, माझी सून, ऑफिसला जाताना पेटीत टाकेल. मला खाली उतरता येत नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. दिवाळीपासून मी रस्ता फक्त गॅलरीतून पाहिला आहे.

तर काम असं. गेल्या महिन्यात ते मॉक ड्रिल झालं, सायरन वाजले, बातम्यांत तूही ऐकलं असशील. क्षिप्राने, म्हणजे माझ्या स्वानंदच्या मुलीने, त्या दिवशी मला विचारलं, "आजी, तुमच्या वेळी खरंखरं ब्लॅकआउट होतं ना?" मी म्हटलं, एकाहत्तरच्या डिसेंबरात होतं, आमच्या कल्याणात. झालं! पोरगी एकवीस वर्षांची आहे, चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. आजीच्या युद्धातल्या आठवणींचं कॉमिक्स काढते म्हणून बसली. साठ पानांचं पुस्तक होणार, डोंबिवलीच्या प्रेसमध्ये दोनशे प्रती छापणार, आणि नऊ ऑगस्टला त्याचं प्रदर्शन. युद्ध आठशे मैलांवर चाललेलं आणि आजी कल्याणच्या बोळात. पण तिला ते चालतं. म्हणते, सैनिकांच्या गोष्टी सगळेच काढतात.

पुस्तकातला मुख्य प्रसंग अर्थात हेराचा. पंधरा वर्षांच्या हेमाने शिट्टी फुंकली आणि आळीने शत्रूचा हेर पकडला. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की देवयानीच्या माहेरच्यांनाही पाठ आहे. तो हेर म्हणजे तुझे मारुती, माझे भावजी, हे इथे कुणाला ठाऊक नाही. स्वानंदलाही नाही. त्याच्या लेखी तो कुणी भुरटा होता, दुसऱ्या दिवशी सोडून दिला.

लढाई संपली, आळीत पेढे वाटले, त्या संध्याकाळी तू मला एकदाच विचारलं होतंस, "ओळखलं नाहीस?" मी म्हणाले होते, "अंधार होता." तेवढंच आपलं त्यावरचं बोलणं. ते आता उकरायचं नाही. मला फक्त दोन गोष्टी हव्या आहेत. आपल्या घराचा एखादा फोटो तुझ्याकडे असेल तर आणि मागच्या दाराला किती पायऱ्या होत्या ते. क्षिप्रा तीन काढते आहे. मला दोन वाटतात.

तब्येतीला जप. भावजींच्या तेराव्याला मी आले होते आणि दारातूनच परत गेले, ते तुला कुणी सांगितलं असेल. जिना चढवेना, असं मी सुदेशला सांगितलं. तुमच्याकडे तीनच पायऱ्या आहेत.

हेमा

वर्तकनगर
रविवार, २२ जून

प्रिय ताई,

उत्तर नाही. बरं. टपालखात्यावर खापर फोडून मी पुन्हा लिहिते.

रोज दुपारी दोन ते चार मला जेवणाच्या टेबलाशी बसवतात. समोर क्षिप्रा, तिचे कागद, पेन्सिली आणि माझ्यासाठी लाच म्हणून ठेवलेलं लिमलेट. आधी ती प्रश्न विचारायची आणि मी म्हणायचे, आठवत नाही गं. मग तिने प्रश्न सोडले आणि नुसती चित्रं दाखवायला लागली. चित्रं सगळी चुकीची! अण्णांच्या, म्हणजे तिच्या पणजोबांच्या, डोक्यावर लोखंडी टोप. मी म्हटलं, अगं ब्लॅकआउटचे वॉर्डन होते आळीचे, तरी टोप कुठला मिळायला, ते आजोबांची जुनी सोला हॅट घालून "दिवा! दिवा कुणाचा?" ओरडत फिरायचे. खिडक्यांना पडदे काढले. मी म्हटलं, पडदे नव्हते, काळा कागद होता, कुंदाताई कणकेची खळ शिजवायची आणि आम्ही दोघी चिकटवायचो. चूल मांडली तीही उलट्या भिंतीला.

चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. चुकीचा नंबर लागलेला मला सहन होत नाही. परवा कळलं की कार्टी मुद्दाम चुकीचं काढते. हसत म्हणाली, "आजी, तुला विचारलं तर तू 'आठवत नाही' करतेस. चुकीचं काढलं की तुला सगळं आठवतं! बेस्ट सिस्टिम आहे." आता मला कळलंय, तरी मी फसते. समोर चुकीचं दिसलं की बोट आपोआप पुढे जातं.

आपलं घर तिने छान काढलंय. फार छान. खिडक्या काळ्या, दार लावलेलं, रॉकेलचा धूर छताशी, आणि आतमध्ये आपण दोघी एका चिमणीशी. आई जाऊन तीन वर्षं झालेली, तू शाळा सोडून चूल धरलेली. त्या पानावर चौकटी अशा लहान लहान होत गेल्यात की शेवटच्या चौकटीत मला नुसतं गुडघे पोटाशी घेऊन बसवलंय. मी म्हटलं, एवढी कोंबू नकोस गं मला. ती म्हणाली, "पण तुला तसंच वाटायचं ना?" हो. तसंच वाटायचं. आणि आज इथे तिसऱ्या मजल्यावर बसून काही वेगळं वाटतं असंही नाही.

मग हेर आला. लांब ओव्हरकोट, वाकडी टोपी, तलवारकट मिशा. मला हसू फुटलं. कल्याणात ओव्हरकोट कोण घालणार? मी म्हटलं, स्वेटर काढ. तिने निळा रंगवला. मी म्हटलं, तपकिरी, छातीवर हिरवा पट्टा, उजव्या कोपराशी टाका उसवलेला. मिशी नव्हती. खाली खाकी पँट, घोट्यापर्यंत आखूड झालेली. डाव्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला. ती पुसत गेली आणि काढत गेली. दोन तासांनी तिने कागद माझ्यापुढे सरकवला आणि ताई, भावजी. चोवीस वर्षांचे. तसेच, एक खांदा जरा खाली टाकून.

"आता कसा माणसासारखा दिसतो," ती म्हणाली. खूष होती.

तो स्वेटर तू विणलेलास. माझ्यासमोर बसून, मावशीच्या मुलासाठी म्हणून अण्णांना सांगून. हे मी तिला सांगितलं नाही.

पायऱ्या किती होत्या ते कळव.

हेमा

वर्तकनगर
शनिवार, ५ जुलै

प्रिय ताई,

मी अडकले आहे. आधी ते लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुला माझा राग जरा कमी येईल. किंवा जास्त येईल.

बुधवारी क्षिप्रा एकतिसाव्या पानावर आली. शिट्टीचं पान. पूर्ण काळं पान तिने करून ठेवलंय, मध्ये फक्त शिट्टी पांढरी. थोडा वेळ पेन्सिल चावत बसली आणि म्हणाली, "आजी, एक सांग. ब्लॅकआउट होता ना?"

"होता की."

"रस्त्यावर एकपण दिवा नाही?"

"अण्णांनी देवळातलं निरांजनसुद्धा झाकायला लावलं होतं."

"मग तुला स्वेटरचा पट्टा हिरवा आहे हे कसं दिसलं?"

मी म्हटलं, चांदणं असेल. तिने मोबाइल काढला. ताई, आजकाल सगळं सापडतं गं त्यात. नऊ डिसेंबर एकाहत्तर, गुरुवार. चंद्र मध्यरात्री उगवला होता. आणि मी शिट्टी वाजवली ती आठ वाजता, रेडिओवरच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या, हेही मीच तिला सांगून बसले आहे. बाविसाव्या पानावर घड्याळ काढलंय तिने.

मी म्हटलं, मग नंतर पोलीसचौकीत पाहिलं असेल. "पण आजी, तू तर म्हणालेलीस की तू घरी पळालेलीस, चौकीत गेलीच नव्हतीस." अडतिसावं पान.

माझ्याच दुरुस्त्यांनी मला चारी बाजूंनी कोंडलंय. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "एकतीस नंबर सध्या अर्धवटच ठेवते," म्हणाली आणि माझ्यापुढचं लिमलेटचं कागदी वेष्टण उचलून कचऱ्यात टाकलं. तेव्हापासून मला दुपारी बसायला बोलावत नाही.

स्वानंदला यातलं काही माहीत नाही. तो जोरात आहे. सोसायटीच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलंय, 'आमच्या मातोश्रींच्या शौर्यकथेचे चित्रमय पुस्तक'. आळीच्या समितीने मला दिलेलं ते प्रशस्तिपत्रक काचेतून काढून साफ करून आणलंय. मी नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागेल. आणि हो म्हटलं तर दोनशे प्रती.

आता खरं कारण. येत्या रविवारी, तेराला, क्षिप्रा मोहन्याला येते आहे. तुझ्याकडे. जुन्या कल्याणचे फोटो मागायला म्हणून, पण मला वाटतं त्यासाठी नाही. ताई, तुझ्या पुढच्या खोलीत भावजींचा फोटो आहे, त्या स्वेटरमधला, फॅक्टरीच्या गेटपाशी काढलेला. मी दारातून परतले त्या दिवशी पाहिलाय, त्याला हार होता. तो फोटो त्या दिवसापुरता काढून ठेवशील का?

हेमा

वर्तकनगर
मंगळवार, ८ जुलै

ताई,

शनिवारचं पत्र देवयानी घेऊन गेली आणि मग मला काय लिहिलं ते कळलं. तुझ्या नवऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरव, असं मी तुला लिहिलं. आधी आळीकडून त्यांना मारवलं आणि आता भिंतीवरूनही काढायला निघाले. मला लाज वाटते. हे पत्र रविवारच्या आत पोचायला हवं म्हणून देवयानीला स्पीड पोस्टने टाकायला सांगितलंय.

मी त्यांना ओळखलं होतं.

हे वाक्य लिहायला मला त्रेपन्न वर्षं आणि सात महिने लागले. आता बाकीचं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण जात नाहीये.

मी बोळाच्या तोंडाशी उभी होते, विहिरीच्या कठड्याला टेकून. अण्णांनी आळीतल्या मुलांचं पथक केलं होतं आणि मला शिट्टी दिली होती. दोरी गळ्यात. दिसत काहीच नव्हतं, माझा हातसुद्धा नाही. आधी चप्पल ऐकू आली, एक पाय घासत येणारी, सुतळी बांधलेली. मग वास आला. रेयॉनच्या फॅक्टरीचा तो कुबट वास. त्यांच्या कपड्यांना कितीही धुतलं तरी राहायचा. तुमच्या चिठ्ठ्या माझ्या कंपासपेटीतून ये-जा करायच्या, त्या चिठ्ठ्यांनासुद्धा यायचा. मी हळूच म्हटलं, "मारुतीभाऊ?" ते म्हणाले, "हेमा, मीच. ताईला सांग, आलोय." आवाज इतका साधा होता, दूध घेऊन आल्यासारखा.

मला कळलं. तू जाणार. आजच. संध्याकाळपासून तू दोनदा माझ्या केसांवरून हात फिरवला होतास, आणि तुझा हात उगाच कधी फिरायचा नाही. तू गेलीस की मागे अण्णा आणि मी. मी दहावीत, मॅट्रिक तेव्हा अकरावीला, म्हणजे पुढच्या वर्षी. अण्णांनी दुसऱ्या दिवशी माझं दप्तर माळ्यावर टाकलं असतं आणि तवा हातात दिला असता, तुला दिला तसाच. तुझं जे झालं ते माझं झालं असतं आणि मला सोडवायला कुणीच उरलं नसतं. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं म्हणत नाही. एवढा वेळच नव्हता. एक श्वास घेतला आणि तो शिट्टीत गेला.

आणि नुसती शिट्टी नाही, ताई. "हेर! हेर!" असं ओरडलेसुद्धा मी.

मला वाटलं होतं, नेतील चौकीत, सकाळी सोडतील, तुमचा बेत मोडेल, एवढंच होईल. पण सहा दिवस सगळी आळी काळ्या कागदाआड घाबरून बसली होती. आकाशातून शत्रूची माणसं उतरणार म्हणून. दारं उघडली आणि सगळे बाहेर पडले. ज्यांच्याकडे आपण कोजागिरीचं दूध प्यायचो ते सगळे. पहिली काठी अण्णांची. कोण आहे हे कुणी विचारलंच नाही. भावजी एकदाही माझं नाव घेऊन ओरडले नाहीत. "मी मोहन्याचा कामगार आहे, मोहन्याचा," एवढंच म्हणत होते. मग तेही थांबलं.

त्यांचा डावा कान त्या दिवशी गेला. तू आयुष्यभर त्यांच्या उजव्या बाजूने चालत आलीस. स्वानंदच्या मुंजीत तुम्ही दोघं मांडवात आलात तेव्हा मी ते पाहिलं आणि आत जाऊन ताटं पुसत बसले. सगळे म्हणाले, हेमा किती राबते!

पुढे चार महिने तू त्याच घरात होतीस. मला वाढलंस, माझ्या वेण्या घातल्यास आणि बोलली नाहीस. मला वाटायचं, दुःखामुळे. एप्रिलमध्ये तू भर दुपारी पिशवी घेऊन निघून गेलीस, अण्णा ओट्यावर बसलेले असताना, त्यांच्यासमोरून. "मला एकच मुलगी आहे," असं त्यांनी जाहीर केलं. आणि गंमत बघ, माझी शाळा सुटली नाही. प्रशस्तिपत्रक मिळालेली मुलगी! अण्णांनी चुलीसाठी बाई ठेवली. मी मॅट्रिक झाले, नोकरी लागली, ठाण्यात घर झालं. मी जे वाचवायला शिट्टी मारली ते सगळं मला मिळालं. म्हणूनच मला कधी बोलता आलं नाही. नुकसान झालं असतं तर केव्हाच रडून मोकळी झाले असते.

भावजींनी तुला सांगितलं होतं का, की मी त्यांना नावाने हाक मारली? हे मला इतकी वर्षं कळलेलं नाही. सणाला, लग्नाला, कुठेही ते समोर आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. ते म्हणायचे, "काय हेमा, बरी आहेस ना?" आणि उजवा कान माझ्याकडे करायचे.

क्षिप्राला मी काल सगळं सांगितलं. एकतिसाव्या पानाचं काय करायचं ते तिने माझ्यावर सोडलंय आणि मी ते तुझ्यावर सोडते. तू म्हणालीस की पुस्तक नको, तर पुस्तक होणार नाही. स्वानंदला काय सांगायचं ते माझं मी बघेन. तू म्हणालीस की छाप, तर जे झालं ते छापलं जाईल. फोटो भिंतीवर राहू दे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं मला तुझ्यावर टाकायचं नाही.

हेमा

वर्तकनगर
सोमवार, २१ जुलै

ताई,

आठ दिवस पेन उचललं नाही. आज बसले.

क्षिप्रा तुझ्याकडून आली ती थेट माझ्या खोलीत. दार लावलं आणि पलंगावर मांडी घालून बसली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आजी, मी जे झालं ते तसंच्या तसं सांगते. मध्ये करेक्शन करायची नाही."

तिने सांगितलं की तुझ्या सुनेने, अक्षदाने, दार उघडलं आणि तू आतूनच म्हणालीस, "ठाण्याची आली का? बस. जेवून बोलू." सुकटीची चटणी आणि भाकरी वाढलीस. आमच्या घरात वाटाण्याच्या उसळीपलीकडे न गेलेली पोरगी, दोन भाकऱ्या खाऊन आली. जेवताना तू तिला एकच विचारलंस, आजीचे गुडघे कसे आहेत.

मग म्हणालीस, "तिची चार पत्रं आली. चौथं वाचण्यासारखं होतं."

हे ऐकून मला हसू आलं, ताई, आणि मग ते थांबवता येईना. क्षिप्राने पाणी दिलं.

तू तिला म्हणालीस म्हणे, "मारुतींनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. हेमाने ओळखलं, नावाने हाक मारली. पण म्हणाले, पोर आहे, घाबरली असेल, तू विषय काढू नकोस. मी काढला. एकदाच. ती म्हणाली, अंधार होता. घाबरले म्हणाली असती तर मी तिला पोटाशी धरलं असतं. खोटं बोलली, तिथे माझं बोलणं संपलं."

म्हणजे तुला ठाऊक होतं. माझ्या वेण्या घालत होतीस तेव्हाही. मी त्रेपन्न वर्षं जे दार दाबून धरून उभी होते, त्याच्या पलीकडे तू केव्हाची सगळं ऐकून बसली होतीस.

मला वाटलं, झालं, एवढंच असेल. पण क्षिप्राने बॅगेतून एकतिसावं पान काढलं, माझं सगळं ऐकल्यावर तिने नव्याने मांडलेलं. तू पेन्सिल मागितलीस म्हणाली. चष्मा पुसलास आणि वर भावजींच्या चित्राला हातही लावला नाहीस, "बरोबर आहे" एवढंच म्हणालीस. मग पानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे तिने आपलं मागचं दार काढलंय, तिथे तू स्वतः काढायला लागलीस. तुझा हात थरथरतो ना आता? रेघा तशाच आल्यात. दोन पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर एक गाठोडं. आणि त्याला टेकून दुसरं, लहान, त्याच्यावर दप्तर.

क्षिप्राने विचारलं, "हे कोणाचं?"

"हेमाचं. तिचे दोन स्कर्ट, परकर आणि पुस्तकं. मी दुपारीच बांधून ठेवलं होतं."

"म्हणजे आजीला घेऊन जाणार होता तुम्ही?"

"मग? आई गेल्यापासून मी तिला वाढवली. तिला अण्णांकडे टाकून मी एकटी जाईन असं तिला वाटलंच कसं? मोहन्याला खोली बघितली ती तिघांची बघितली. मारुती शाळेत जाऊन विचारून आले होते, वर्षाच्या मध्ये घेतात का. घेतो म्हणाले होते."

"मग तिला आधी का नाही सांगितलंत?"

"तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून."

क्षिप्रा म्हणते, इथे तू हसलीस. मला खरं वाटत नाही, पण दुरुस्ती करायची नाही असं ठरलंय.

तिने शेवटचं विचारलं, की हे इतक्या वर्षांत आजीला का नाही कळवलं. तू म्हणालीस, "मारुती असेपर्यंत त्यांनी बोलू दिलं नाही. म्हणायचे, कळलं तर मरेल ती, कशाला सांगायचं. ते गेल्यावर मी हट्टाने सांगितलं नाही. आता ती खरं बोलली, तर हेही तिला मिळायला हवं. सांग तिला. पुस्तक छाप. आणि कुणाचं नाव बदलू नकोस. माझं नको, तिचंही नको."

ताई, मी पलंगावर बसले होते आणि खालून भंगारवाल्याची हाक येत होती. मी ती हाक नीट ऐकत होते. क्षिप्रा काय म्हणते ते कळायला जरा वेळ लागला. मी त्या बोळाच्या तोंडाशी एकटी राहायच्या भीतीने उभी होते, आणि मागच्या पायरीवर माझं दप्तर बांधून ठेवलेलं होतं. पन्नास पावलांवर. मी मागे वळून घरात आले असते तर अंधारात त्याला ठेचकाळले असते.

स्वानंदला रात्री जेवताना सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही. मग म्हणाला, "आई, निदान नाव बदलू. हेमाच्या जागी दुसरं काहीही. लोकांना काय कळणार आहे?" देवयानीने माझ्या पानात कढी वाढली आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी म्हटलं, ताईने नाही म्हटलंय. त्याने निमंत्रणातला तो 'शौर्यकथा' शब्द काढून टाकला.

पुस्तक गुरुवारी प्रेसला जातंय. एकतिसाव्या पानावर तुझ्या रेघा आहेत तशाच ठेवल्या आहेत, क्षिप्राने शाईने गिरवल्या नाहीत. आता तिचं काम संपलं, दुपारी कुणी मला टेबलाशी बसवत नाही. मी आपली आपण जाऊन बसते. त्या दुसऱ्या गाठोड्याच्या पुढचं काहीतरी मला डोळ्यांपुढे आणायचं असतं. तिघांची खोली. मी तिथून सकाळी शाळेत निघाले असते, तू मागून हाक मारली असतीस, भावजी पहिल्या पाळीला गेले असते, दोन्ही कान शाबूत. पण मला काहीच दिसत नाही. ते घर मी पाहिलेलंच नाही, आणि त्यातलं काय चुकलं ते सांगता येत नाही.

नऊ ऑगस्टला ये असं मी म्हणत नाही. येणार असलीस तर स्वानंद मोहन्याला गाडी घेऊन येईल. नाही आलीस तर एवढं मात्र कर. पोस्टकार्ड टाक, सुदेशकरवी निरोप दे, कसंही. माझं नाव कुठल्या शाळेत घालणार होतात, तेवढं कळव.

हेमा